एंजलची शेपटी झडू लागली तेव्हा

जुलैत आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर मुसळधार पावसात जळला आणि वीज रात्रभर नव्हती, दुसऱ्या दिवशी दुपारी आली. रत्नागिरीत पावसाळ्यात हे होतंच, म्हणून माशांच्या टाकीसाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असतोच. हवा मिळाल्यामुळे मासे तरले. कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीचं पाणी गाळणारा बंद डबा, मात्र तेवढा वेळ बंद होता. पुढच्या आठवड्यात दोन एंजल माशांपैकी मादीच्या शेपटीची कड पांढुरकी दिसायला लागली. मग तिला चिरा पडल्या आणि हळूहळू शेपटी आखूड होऊ लागली. पोटाखालचे दोन लांब दोरे तर अर्ध्यावर तुटलेले.

मासे घेते त्या दुकानात फोटो दाखवला. दुकानदाराने फोटोकडे ओझरतं बघून पिवळ्या पावडरीची पुडी पुढे केली. "फिन रॉट आहे ताई, टाकीत टाका, चार दिवसांत बरा होईल." फिन रॉट म्हणजे पर कुजण्याचा रोग. पुडीवर ना नाव, ना प्रमाण. अशा पुड्यांत अनेकदा टेट्रासायक्लिनसारखं अँटिबायोटिक असतं. ते मुख्य टाकीत गेलं की फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही धक्का बसू शकतो, आणि माझा फिल्टर आधीच एका तडाख्यातून बाहेर येत होता. पुडी तिथेच ठेवून आले.

माशाचे पर, म्हणजे शेपटी आणि पोहायचे पडदे, झडण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि उपायही एकमेकांशी जुळत नाहीत. दगडाला किंवा प्लॅस्टिकच्या झाडाला अडकून पर फाटला तर चीर पराला आधार देणाऱ्या दोन काड्यांच्या मधून सरळ जाते, कड स्वच्छ राहते, आणि चांगल्या पाण्यात ती आपोआप भरते. दुसऱ्या माशाने तोडला असेल तर कडेला छोटे अर्धगोल तुकडे गेलेले दिसतात. तिथे औषध कितीही घाला, तोडणारा टाकीत आहे तोवर काही उपयोग नाही. कुजत असेल तर कड वेडीवाकडी, पांढरी किंवा काळपट होते, काड्यांच्या मध्ये लाल रेघा येतात आणि ती कड रोज थोडी थोडी अंगाकडे सरकते. पर कुजवणारे एरोमोनास, स्युडोमोनास यांसारखे जिवाणू पाण्यात एरवीही असतात. मासा अशक्त झाला की त्यांचं फावतं. सगळ्यात भीती कॉलम्नॅरिस नावाच्या जिवाणूची. तो काही वेळा एकदोन दिवसांत मासा संपवतो आणि उबदार पाण्यात आणखी वेगाने पसरतो.

म्हणून रात्री टाकीचा दिवा बंद केला, मागच्या काचेला टॉर्च लावला आणि समोरून बघत बसले. मादी झोपेच्या तंद्रीत जवळजवळ स्थिर होती. शेपटीच्या कडेला केसाएवढी अपारदर्शक पांढरी रेघ होती, तिच्या आत दोन काड्यांमध्ये बारीक लाल शीर. म्हणजे कुजणं नक्की. पण पोटाखालचे दोरे वेगळे दिसत होते. ते स्वच्छ तुटलेले, टोकाला पांढरेपणा नाही. एकाच माशाच्या अंगावर दोन प्रकारच्या जखमा होत्या.

दोऱ्यांचं उत्तर मोबाइलने दिलं. आपण टाकीसमोर उभं राहिलो की मासे खाऊच्या आशेने काचेला येतात आणि खरं वागणं दिसत नाही. पुस्तकांच्या थप्पीवर फोन टेकवून व्हिडिओ चालू ठेवला आणि बाहेर गेले. व्हिडिओत त्याच टाकीतले विडो टेट्रा हे छोटे मासे पुन्हा पुन्हा मादीच्या खालून येऊन दोऱ्यांना चटकन तोंड लावताना दिसले. नराकडेही जायचे, पण तो उलटून अंगावर धावायचा. मादी नुसती कोपरा बदलायची. टायगर बार्ब आणि सर्पी टेट्रांसारखीच विडोंनाही लांब पर कुरतडायची सवय असते. दोन वर्षं ते गुण्यागोविंदाने राहिले होते, पण मादी मलूल झाल्यावर त्यांनी संधी साधली.

आणि ती मलूल का झाली? शेजारी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा राहतो. त्याला सांगितलं तर त्याचा पहिला प्रश्न हाच होता, "काकू, अमोनिया किती आला?" अमोनिया म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात येणारं विष. पाणी तपासायच्या किटमध्ये थेंब टाकले आणि पिवळं राहायला हवं ते पाणी हिरवं झालं, लिटरला सुमारे 1 मिलिग्रॅम. अमोनियापासूनच बनणारं नायट्राइट हे दुसरं विषही होतं. बंद कॅनिस्टरमधल्या साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपला, अमोनिया पचवणारे जिवाणू गुदमरून मेले, आणि वीज आल्यावर तेच नासलेलं पाणी टाकीत उतरलं. अमोनियाने कल्ले आणि त्वचा जळते, वरचा चिकट थर पातळ होतो, मग जिवाणूंना वाट मोकळी.

इथे आमच्या विहिरीने सांभाळून घेतलं. जांभ्यातलं पाणी मऊ, पीएच 7 च्या जरा खालीच. अमोनियाचा विषारी भाग पीएचवर अवलंबून असतो. पीएच 7 वरून 8 वर गेला तर तो जवळपास दहापट होतो. अशा वेळी पाणी "सुधारायला" पीएच वाढवणारे शिंपले किंवा चुना टाकायचा सल्ला कुणी देत असेल तर कृपा करून ऐकू नका.

त्या मुलाने पराच्या कडेचा अगदी बारीक खरवड काचेवर घेऊन कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. कॉलम्नॅरिस असता तर लांब, सडपातळ जिवाणू गवताच्या उडव्यांसारखे ढीग करून हलताना दिसले असते. तसं काही नव्हतं. ते ऐकल्यावर माझा जीव भांड्यात पडला, कारण आता अँटिबायोटिकची घाई नव्हती.

मादीला 20 लिटरच्या प्लॅस्टिक टबमध्ये हलवलं. एअर पंपावरचा स्पंज, 27 अंशांवर हीटर, लपायला उलटी ठेवलेली मातीची कुंडी. लिटरला 2 ग्रॅम या हिशेबाने 40 ग्रॅम खडे मीठ स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं, पाण्यात विरघळवून दिवसभरात तीन वेळा विभागून घातलं. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, हा त्याचा मोठा फायदा. रोज 5 लिटर पाणी काढायचं, तेवढंच ताजं घालायचं आणि मीठ त्या 5 लिटरपुरतंच, म्हणजे 10 ग्रॅम. मीठ वाफेबरोबर उडून जात नाही, त्यामुळे कमी झालेली पातळी भरताना ते पुन्हा घालायचं नसतं. मीठ टाकीतल्या झाडांना आणि कोरीडोरास या तळाशी राहणाऱ्या माशांना सोसत नाही, म्हणून हा उपाय वेगळ्या टबातच.

देशी बदामाची गळलेली, पूर्ण वाळलेली पानं धुऊन तीही टाकली. पाणी तपकिरी होतं, त्यातले टॅनिन जिवाणूंना थोडं आवरतात. ते औषधाची जागा घेणार नाही, पण मासा त्या अंधारट पाण्यात निवांत होतो हे मी डोळ्यांनी पाहिलं. मिथिलीन ब्लू घरात होतं, पण ते बुरशीवर चालतं आणि इथे कापसासारखी बुरशी नव्हती. म्हणून बाटली उघडलीच नाही.

मुख्य टाकीचं काम कंटाळवाणं होतं. रोज एक तृतीयांश पाणी बदलायचं, खाणं एकदाच आणि चिमूटभर. उपयोगी जिवाणू मिळावेत म्हणून एका मैत्रिणीच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज माझ्या फिल्टरमध्ये पिळून घेतला. किटमधलं पाणी पुन्हा पिवळं राहायला तरीही काही आठवडे लागले. विडोंसाठी वेगळी टाकी लावली.

टबात लाल रेघा आधी फिकट झाल्या, मग पांढरी कड पुढे सरकायची थांबली. नंतर एका सकाळी शेपटीला पुन्हा फिकी किनार दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. टॉर्च मागून लावला. या वेळी उजेड आरपार येत होता आणि त्या पातळ पडद्यात केसाहून बारीक काड्या टोकापर्यंत गेलेल्या दिसत होत्या. तो नवा पर होता. नवा पर आधी पारदर्शकच येतो, रंग मागाहून भरतो. पुष्कळ जण त्यालाच रोग समजून पुन्हा औषध ओततात. कुजणं शेपटीच्या बुडाशी, अंगापर्यंत पोचलं असतं तर मात्र काड्या परत आल्या नसत्या.

टाकीतला अमोनिया शून्यावर आल्यावर टबातलं मीठ पाणी बदलता बदलता कमी केलं आणि मगच मादीला परत सोडलं. शेपटी आता पूर्ण आहे. डावा दोरा मधूनच वाकून वाढलाय, तो तसाच राहील असं दिसतंय. कॅनिस्टरच्या जोडीला एक मोठा स्पंज फिल्टर बॅटरीच्या पंपावर कायमचा बसवलाय, म्हणजे वीज गेली तरी जिवाणूंचा एक साठा श्वास घेत राहतो. आणि वीज बराच वेळ गेली असेल तर कॅनिस्टर आता आपोआप सुरू होऊ द्यायचा नाही. आधी तो उघडून आतलं पाणी ओतून द्यायचं, स्पंज टाकीच्याच पाण्यात खंगाळायचा, मग बटण दाबायचं. घरातल्या सगळ्यांना हे शिकवून ठेवलंय.