तीन पुस्तकं, एक पाकीट आणि तीनदा घेतलेलं पोस्टेज

जुनी मराठी पुस्तकं आणि दिवाळी अंक मी ऑनलाइन लिलावात विकत घेते, आणि बाबांच्या संग्रहातल्या जास्तीच्या प्रती तिथेच विकते. या व्यवहारात पुस्तकाच्या किमतीवरून वाद फारसे होत नाहीत. बोली आपणच लावलेली असते, तिथे बोलायला जागा नसते. वाद होतात ते पोस्टेजवरून. गेल्या हिवाळ्यात असा एक वाद मी शेवटपर्यंत लावून धरला. तो कसा सुटला हे सविस्तर लिहिते, कारण पुष्कळ जण शंभर-दोनशे रुपयांसाठी कोण डोकं लावणार म्हणून सोडून देतात.

पुण्याच्या एका विक्रेत्याकडून मी इथे नागपुरात बसून एकाच दिवशी तीन लॉट, म्हणजे बोलीसाठी वेगवेगळे ठेवलेले तीन नग, जिंकले. तिन्ही पातळ पुस्तकं. प्रत्येक लॉटखाली ‘पोस्टेज 110 रुपये’ असं लिहिलेलं. बोली संपल्याबरोबर मी मेसेज टाकला, की तिन्ही एकत्र पाठवा आणि पोस्टेज एकदाच लावा. उत्तर काही आलं नाही, बिल मात्र आलं. त्यात पोस्टेज 330. मुदतीत पैसे भरले नाहीत तर साइट आपलं खातं थांबवते, म्हणून मी भरले आणि पाकिटाची वाट पाहिली.

पाकीट आलं ते एकच. तिन्ही पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळून, जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यात दाबून बसवलेली. वर स्पीड पोस्टाचं स्टिकर होतं. हे स्टिकर लोक फाडून टाकतात, पण सगळा हिशेब त्याच्यावरच असतो. बारकोड, दोन्हीकडचे पिनकोड, वजन आणि करासकट घेतलेली रक्कम. वजन 430 ग्रॅम, रक्कम 97 रुपये. पाकीट उघडण्याआधी मी स्टिकरचा फोटो काढला.

इथे दरांबद्दल थोडं सांगायला हवं. 2025 मध्ये पोस्टाची रजिस्टर्ड सेवा स्पीड पोस्टात सामील झाली आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून स्पीड पोस्टाचे नवे दर लागू झाले. 501 ते 1000 किलोमीटरच्या टप्प्यात 51 ते 250 ग्रॅमला 68 रुपये आणि 251 ते 500 ग्रॅमला 82 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. पुणे-नागपूर याच टप्प्यात येतं. आता बघा, 250 ग्रॅमच्या आतलं पाकीट दुसरं पुस्तक घातल्यामुळे 500 च्या टप्प्यात गेलं, तरी पोस्टाचा खर्च वाढतो तो 14 रुपये आणि त्यावरचा कर. म्हणजे जेमतेम 17 रुपये. त्या दुसऱ्या पुस्तकाचे पुन्हा 110 घेणं कुठल्याच हिशेबात बसत नाही.

विक्रेत्याला मी फोटो पाठवला. उत्तर सभ्य होतं. ‘ताई, पॅकिंगला सामान लागतं, पोस्टात जायला रिक्षा लागते, रांगेत अर्धा तास जातो.’ हे सगळं खरं आहे आणि मला ते मान्य आहे. पॅकिंगचा खर्च घ्यायलाच हवा. पुस्तकाचे कोपरे दुमडून आले तर जिंकलेल्या बोलीला काय अर्थ? मी म्हटलं, पॅकिंगचे आणि जाण्यायेण्याचे मिळून 40 रुपये धरा. 97 आणि 40 मिळून 137. उरलेले 193 परत करा. यावर त्यांचं म्हणणं, ‘पोस्टेज लॉटखाली लिहिलंच होतं, ते बघूनच तुम्ही बोली लावली.’

हा मुद्दा दुबळा नाही. लिहिलेलं वाचूनच मी बोली लावली होती. पण लिहिलं होतं ते एक लॉट पाठवण्याचं पोस्टेज. दोन पाकिटं त्यांनी पाठवलीच नाहीत, मग त्या न गेलेल्या पाकिटांचे पैसे कसले? हे लिहून पाठवल्यावर ते गप्प झाले.

मग मी साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे गेले. ई-कॉमर्सबाबतचे ग्राहक संरक्षण नियम 2020 साली आले. त्यांत वस्तूची एकूण किंमत दाखवताना डिलिव्हरी, पोस्टेज, हाताळणी असे सगळे खर्च फोड करून दाखवायला सांगितलं आहे. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवाडा एका महिन्यात, हेही त्यातच आहे. घरातली चार पुस्तकं कधीमधी विकणाऱ्या माणसाला हे नियम लागू नाहीत, पण हे गृहस्थ बाराही महिने दुकान चालवतात. पोस्टेज किती घ्यावं याचा आकडा नियमांत नाही, हे मी तक्रारीत स्वतःच लिहिलं. मागणी एवढीच केली, की 330 ची फोड द्या. त्यात पोस्टाचे किती, पॅकिंगचे किती, आणि एका पाकिटाला हे तीनदा का लागलं? सोबत स्टिकरचा फोटो, एकत्र पाठवा म्हटलेला मेसेज आणि बिल जोडलं. इथे अडलं असतं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करणार होते. तशी वेळ आली नाही. पोच वेळेत आली, आणि महिना संपायच्या आत 193 रुपये यूपीआयने जमा झाले.

पोस्टेज फुगवण्यामागे बहुतेक वेळा एक साधं गणित असतं. बोली 1 रुपयापासून सुरू करायची, म्हणजे गर्दी जमते, आणि कमाई पोस्टेजमध्ये ठेवायची. साइटचं कमिशन नुसत्या बोलीवर असेल तर तेही वाचतं. ईबे ही पळवाट ठेवत नाही. तिथे शुल्क पोस्टेज धरून एकूण रकमेवर लागतं, म्हणून तिथे पोस्टेज फुगवून विक्रेत्याचं कमिशन वाचत नाही. आपल्या छोट्या साइट्सनी हे उचलायला हवं असं मला फार वाटतं. तोवर खरेदी करणाऱ्याने आपली मर्यादा पोस्टेजसकट ठरवावी. पुस्तकासाठी माझी तयारी 400 ची असेल आणि पोस्टेज 110 लिहिलेलं असेल, तर माझी शेवटची बोली 290.

विकताना मी काय करते तेही सांगते. लॉट टाकण्याआधीच पुस्तक पूर्ण पॅक करून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलते. पुठ्ठा, बबल रॅप, पावसाळ्यात वरून प्लास्टिक, सगळ्यासकट. नागपूरच्या मे महिन्यात साधा ब्राऊन टेप उन्हाने सुटतो, त्यामुळे तेव्हा दुहेरी टेप लागतो. त्याचेही थोडे ग्रॅम भरतात, आणि 245 चं पाकीट 255 झालं की दर बदलतो. वजन लॉटखाली लिहिते आणि शेजारी अंतराप्रमाणे पोस्टेज. वर्धा-अमरावतीला एक आकडा, मुंबई-पुण्याला दुसरा. नागपूर देशाच्या मधोमध असल्याचा इथे खरा फायदा होतो, 2000 किलोमीटरच्या वरचा टप्पा क्वचितच लागतो. पॅकिंगचे पैसे वेगळे दाखवते. पावतीचा फोटो ट्रॅकिंग नंबरसोबत पाठवते, आणि घेतलेलं पोस्टेज जास्त निघालं तर फरक परत करते.

खासगी कुरियरने पाठवायचं तर टेपही हाताशी लागते, मोजमापाची. ते आकारमानावरूनही वजन धरतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले 5000. 30 बाय 25 बाय 10 चं खोकं आत कितीही हलकं असो, दीड किलो धरलं जातं.

पुस्तकांसाठी 1 मे 2025 पासून पोस्टाची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा आहे. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100, कर वेगळा. पाकीट विमानाने जात नाही, वेळ जास्त लागतो, पण जाड ग्रंथांना हीच परवडते. ग्राहकाला मी दोन्ही दर देते आणि निवड त्याच्यावर सोडते. दिवाळी अंक मात्र तिथे चालत नाहीत. सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत, म्हणजे मुख्य पोस्टात, काउंटरवरच्या बाईंनी माझ्यासमोर अंक मधूनच उघडला, मग मलपृष्ठ दाखवलं. दोन्हीकडे पानभर जाहिरात. ‘मॅडम, जाहिराती आणि नियतकालिकं यात नाही जमत. स्पीड पोस्टच करा.’ त्यामुळे 60 रुपयांना गेलेल्या अंकावर त्याच्याहून जास्त पोस्टेज बसतं, आणि घेणारा नाराज होतो ते साहजिकच आहे. म्हणून सुटे अंक विकणं मी बंद केलंय. आता एका दशकाचे अंक एका लॉटमध्ये लावते, वजन आधी लिहून. धरमपेठेत येऊन हाती नेणाऱ्याला पोस्टेज काहीच नाही.