शाब्लीचे उतार: या हंगामातली प्रगती

बरगंडी या फ्रान्सच्या वाइन-प्रदेशाचा अभ्यास म्हटलं की बहुतेक जण थेट तिथल्या कोत द न्विई भागाच्या पिनो न्वारकडे, म्हणजे लाल वाइनच्या द्राक्षाकडे वळतात. मी मुद्दाम बरगंडीच्या उत्तर टोकाच्या शाब्लीवर थांबलोय. जमिनीचा फरक जिभेवर ओळखायचा असेल तर सुरुवात इथूनच करावी, असं माझं आता ठाम मत झालंय. द्राक्ष एकच, शार्डने हे पांढऱ्या वाइनचं. बरीचशी वाइन स्टीलच्या टाक्यांत तयार होते, ओकच्या लाकडी पिंपाचा वास तिला लागत नाही. त्यामुळे ग्लासात जो फरक जाणवतो तो बराचसा माती, उतार आणि उन्हाचा असतो.

या हंगामात एकाच उत्पादकाच्या, एकाच सालच्या (२०२०) बाटल्या शेजारी शेजारी ठेवून चाखतोय. आयात शुल्कामुळे भाव चढे, म्हणून आम्ही काही जण वर्गणी काढतो. पेती शाब्ली, म्हणजे तिथला सगळ्यात साधा दर्जा, बहुधा टेकड्यांच्या माथ्यावरच्या, वाऱ्याला उघड्या जमिनीतली. तिथे पोर्टलंडियन चुनखडीचा कठीण थर. लिंबाची साल, हिरवं सफरचंद, आणि चव चटकन संपते. त्याखालच्या उतारावर किमरिजियन थर लागतो: चुनखडी आणि चिकणमातीचं मिश्रण, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या चिमुकल्या कालवांच्या जीवाश्मांनी भरलेलं. इथल्या वाइनला घोटानंतर लांबवर रेंगाळणारी खारट कड आहे.

ती कड कालवांच्या शिंपल्यांतून आली असं मात्र मी म्हणणार नाही. दगडाची चव मुळांवाटे द्राक्षात चढत नाही. माती पाणी किती धरते, निचरा कसा होतो, यावर द्राक्षाचं पिकणं अवलंबून असतं, आणि तेवढंच पुरेसं नवलाचं आहे.

सगळ्यात जास्त शिकवलं ते दोन प्रेमिए क्रूंनी, म्हणजे वरून दुसऱ्या दर्जाच्या बागांनी. मधून सरँ नदी वाहते. डाव्या तीरावरचं वायाँ आग्नेयेकडे तोंड करून, उजव्या तीरावरचं मोंते द तोनेर नैर्ऋत्येकडे, म्हणजे दुपारचं ऊन थेट अंगावर. वायाँ सडपातळ, पांढऱ्या फुलांच्या वासाची. मोंते द तोनेर भरदार, पिकलेल्या पेअरची, तरीही आंबटपणा ताठ. आता न बघता दिल्या तरी दोन्ही बहुतेक वेळा ओळखता येतात, याचा मला मनापासून आनंद आहे. एक सूचना: फ्रिजमधून काढल्या काढल्या पिऊ नका. ११-१२ अंशांपर्यंत येऊ द्या, त्याआधी दोन्ही सारख्याच वाटतात.

मोंते द तोनेरच्या शेजारीच ग्राँ क्रूची, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या बागांची टेकडी आहे. सात बागा, सगळ्या मिळून जेमतेम १०० हेक्टर: ब्लांशो, ले क्लो, वालम्यूर, ग्रनुई, वोदेझीर, प्रूझ, बुग्रो. त्यांतली ले क्लो सगळ्यात मोठी.

या हंगामात हवामानाचंही वाचन केलं. आपल्या नाशिकला वेल कधी पूर्ण झोपत नाही. एप्रिलमध्ये नव्या फांद्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळांसाठी गोडी छाटणी. शाब्लीत वेल हिवाळाभर निजते आणि एप्रिलमध्ये डोळे फुटतात, नेमक्या तेव्हाच दहिवराच्या, म्हणजे दव गोठवणाऱ्या थंडीच्या रात्री येतात. काही जण बागेत मोठ्या मेणबत्त्या पेटवतात. काही जण रात्रभर पाण्याचे फवारे मारतात: पाणी गोठताना उष्णता सोडतं, त्यामुळे बर्फाच्या कवचातला कोंब शून्याच्या आसपास तग धरतो. फवारा मध्येच बंद पडला तर कोंब गेलाच. २०१६ आणि २०२१ मध्ये तिथे दहिवराने मोठं नुकसान केलं. आज शाब्लीत ५,००० हेक्टरांहून जास्त बागा आहेत, पण फिलोक्सेरा ही वेलीच्या मुळांची कीड आणि दहिवर यांपायी १९५० च्या दशकात त्या ५०० हेक्टरांच्या आसपास उरल्या होत्या. दहिवरातून वाचलेली म्हणून २०२१ ची बाटली दिसली की मी ती आधी उचलतो.

पुढचा टप्पा: २०२० आणि २०२१ चं वायाँ समोरासमोर, आणि जुन्या ओकच्या पिंपात मुरवलेली एक ग्राँ क्रू. वालम्यूर कुणी उघडणार असेल तर दुसऱ्या दिवशीची चवही लिहून ठेवा, मला ती हवी आहे.