मोहोरबंद नाव : एक कादंबरी पुरी होईपर्यंत

तीन वर्षं लागली, तीन खर्डे झाले. पहिला १,१०,००० शब्दांचा, शेवटचा ७८,००० शब्दांचा. कुमारवयातल्या वाचकांसाठी अद्भुतरम्य कादंबरी लिहायची, तिच्यात एक गादी, दोन वारस आणि दरबारात दडलेलं एक गुपित असेल, एवढं पहिल्या दिवशी ठरलं होतं. शेवटपर्यंत तेवढंच टिकलं, बाकी सगळं बदललं.

पहिल्या खर्ड्यात राजकन्या इरावती सोळा वर्षांची, शूर आणि सरळ मनाची. तिचा सावत्र भाऊ शार्दूल सतरा वर्षांचा आणि कपटी. शार्दूल हा राजाचा मुलगाच नव्हे, हे गुपित मी छत्तीस प्रकरणांपैकी बत्तिसाव्या प्रकरणापर्यंत जिवापाड लपवून ठेवलं होतं. खर्डा पुरा झाल्यावर माझ्या पंधरा वर्षांच्या भाचीला वाचायला दिला. अकराव्या प्रकरणावर ती थांबली. चार दिवसांनी मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मावशी, शार्दूल वाईट का आहे? त्याला जे हवंय तेच इरावतीलाही हवंय ना?"

मी बरीच उत्तरं दिली. त्याची आई कारस्थानी आहे, तो हुजऱ्यांशी तोडून वागतो, वगैरे. ती शांतपणे ऐकत राहिली आणि म्हणाली, "हो, पण तो मोठा आहे. मी त्याच्या जागी असते तर मलाही राग आला असता."

त्या रात्री मी खर्डा पुन्हा चाळला. शार्दूलची बाजू मी कुठेच मांडली नव्हती. तो खोलीत शिरला की मी त्याला वाईट बोलायला लावायचे आणि इरावतीला बरोबर ठरवायचे. ज्याचा हक्कच खोटा आहे त्याच्याशी भांडायला धैर्य कशाला लागतं? दोघांचाही हक्क खरा असेल तरच गादीचं भांडण वाचण्यासारखं होतं, हे मला एका पंधरा वर्षांच्या मुलीने दाखवलं.

मग पाच-सहा महिने मी लिहिलं नाही, वाचत बसले. कल्पनेतलं राज्य उभं करायचं तरी खऱ्या दरबारांत माणसं कशी वागली हे माहीत हवं. शहाजहान १६५७च्या सप्टेंबरात आजारी पडला आणि झरोक्यात दर्शन द्यायचा थांबला. त्याचा थोरला मुलगा दारा याने बाहेर जाणाऱ्या बातम्या अडवल्या, आणि बातमी अडवली म्हणूनच बादशहा गेल्याची आवई उठली. चारही भाऊ शस्त्रं घेऊन निघाले. जहाँआरा दाराच्या बाजूला, रोशनआरा औरंगजेबाच्या बाजूला. बहिणींचीही अशी वाटणी झाली होती, ही गोष्ट मला लढायांपेक्षा जास्त लागली. माझ्या कादंबरीची सुरुवात तिथून आली : राजा तीन दिवस गवाक्षात दिसलेला नाही आणि खाली चौकात लोक मान वर करून उभे आहेत.

इस्तंबूलमध्ये १५९५ साली तिसरा मेहमद गादीवर आला तेव्हा त्याने आपल्या एकोणीस भावांना ठार करवलं. त्यांतली कित्येक तर लहान पोरं होती. हे वाचल्यावर शार्दूलच्या रागाखाली मला भीती दिसायला लागली. हरलेल्या वारसाला घरी परत जाता येत नाही, तो राहतो त्याच वाड्यात आणि त्याच्यावर नजर असते. आपल्याकडचा नारायणराव पेशवा १७७३ साली मारला गेला तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा होता. 'ध'चा 'मा' झाला ही आख्यायिका लहानपणापासून इतकी ऐकलेली की तिच्यातली जरब जाणवेनाशी झाली होती. 'धरावे'चं 'मारावे' व्हायला एक अक्षर पुरलं. कारभार कागदावर चालतो तिथे तलवारीपेक्षा लेखणी कोणाच्या हातात आहे ते महत्त्वाचं, आणि कुमारवयातल्या पात्रांना तलवारीपेक्षा कागद हाताळताना दाखवणं मला जास्त खरं वाटतं.

पण कादंबरीचा कणा मिळाला तो चीनमध्ये. खांगशी बादशहाने नेमलेल्या युवराजाला दोनदा पदावरून काढलं आणि बादशहाच्या मुलांमध्ये वर्षानुवर्षं चुरस चालली. त्यातून गादीवर आलेल्या युंगचंगने १७२३ साली वेगळीच रीत घातली. वारसाचं नाव लिहायचं, पेटीत मोहोरबंद करायचं आणि पेटी राजवाड्याच्या दालनात उंचावर लावलेल्या फलकामागे ठेवायची. दुसरी प्रत बादशहाजवळ. तो गेल्यावर दोन्ही प्रती ताडून पाहायच्या. मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून बसले. ज्या दालनातून सगळे जातात-येतात तिथेच, सगळ्यांच्या डोक्यावर, ते नाव पडून आहे, आणि खालून जाणारा प्रत्येकजण मान वर करायची टाळतो आहे. पेटी मी माझ्या राज्यात आणली आणि दुसऱ्या खर्ड्याला लागले.

तिथे जादू आडवी आली.

पहिल्या खर्ड्यात इरावतीला दुसऱ्याच्या मनातलं ओळखता यायचं. मला ती शक्ती फार आवडायची आणि ती काढायला मी तयार नव्हते. पण जिला मनातलं कळतं तिच्यापासून दरबारात गुपित राहणार कसं? मग मी पळवाटा काढत गेले. अमुक माणसाचं मन तिला वाचता येत नाही, तमुक दगडाच्या भिंतीआड शक्ती चालत नाही. दर प्रकरणाला एक नवा अपवाद. शेवटी चार महिन्यांनी मी ती शक्ती उपटून टाकली. कादंबरीत गुपित असेल तर सत्य शोधून देणारी जादू ठेवू नये. ठेवायचीच तर गुपिताची किंमत वाढवणारी ठेवावी, असं माझं आता ठाम मत आहे.

नवी जादू शाईत आली. माझ्या राज्यात राजशाईने ज्याचं नाव लिहावं तो माणूस लिहिणाऱ्याच्या आठवणीतून पुसला जातो. एवढाच नियम. अपवाद एकही नाही, तोड नाही, उतारा नाही. हा नियम वहीत लिहिला आणि हात थांबला. म्हणजे वारसाचं नाव पेटीत ठेवणारा प्रत्येक राजा आपल्या त्या मुलाला विसरत आला असणार. गादीवर बसलेल्या प्रत्येकाने कधीतरी आपल्या बापाच्या डोळ्यांत ओळख मावळलेली पाहिली असणार, आणि पुढे जन्मभर ते कुणाला सांगितलं नसणार. दरबाराचं खरं गुपित हेच होतं. मला ते शोधावं लागलं नाही, नियमातूनच आपोआप बाहेर आलं.

त्यानंतर शार्दूलच्या जन्माचं गुपित मी टाकून दिलं. तो राजाचाच मुलगा, थोरला, हुशार, कारभारात मुरलेला. आणि इरावती अशी मुलगी की जिचे वडील दोन वर्षांपासून तिच्याशी परक्या पाहुण्याशी बोलावं तसं अदबीने बोलतात. तिला वाटत आलंय की आपण नावडत्या आहोत.

शार्दूल पेटी उघडतो ते प्रकरण मी अकरा वेळा लिहिलं. मोहोर न मोडता उचलायची कशी, हे मला नीट दिसत नव्हतं. वाचलेलं होतं की पातळ पातं तापवून मोहोरेखालून सरकवायचं. म्हणून लाखेची कांडी आणली, जाड कागदाच्या घड्या घातल्या आणि जेवणाच्या टेबलावर बसले. लाख मेणबत्तीवर धरली की आधी कडेने चकाकते, मग जड थेंब सुटतो आणि पडल्या पडल्या त्याच्यावर साय धरते. शिक्का दाबायला दोन श्वासांचा वेळ लागला तरी उशीर होतो. पहिल्या चार मोहोरा उचलताना तडकल्या, कारण लाख थंड झाली की काचेसारखी ठिसूळ होते. पातं जास्त तापलं की कागद तपकिरी पडायचा आणि करपट वास यायचा. पाचव्या वेळी पातं हळूहळू, कागदाला चिकटवून, जवळजवळ झोपवून सरकवलं आणि मोहोर अख्खी सुटून आली. खाली कागदावर तिचा तेलकट गोल डाग राहिला होता.

तो डाग मी कादंबरीत घेतला. शार्दूल कागद वाचतो, इरावतीचं नाव पाहतो, मोहोर परत चिकटवतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की नवी लाख जुन्या डागावर तंतोतंत बसलेली नाही. केसाएवढी कड बाहेर राहिली आहे. पुढची दहा प्रकरणं ती कड त्याला झोपू देत नाही. हे बसल्या जागी मला सुचलं नसतं.

दुसरा खर्डा तरीही फसला, आणि तो माहितीच्या गोंधळामुळे. इरावतीला वडिलांच्या डोळ्यांवरून कळलंय, शार्दूलला पेटीवरून कळलंय, दोघांनाही वाटतंय की हे आपल्या एकट्यालाच माहीत आहे. राजाचा शिक्का सांभाळणाऱ्या मुद्राधारीला वेगळंच काही माहीत. सोळाव्या प्रकरणात शार्दूल बोलता बोलता वडिलांच्या विसरण्याचा उल्लेख करतो असं मी लिहून गेले होते, आणि शाईचा नियम त्याला समजतो तो विसाव्या प्रकरणात! तीन वेळा वाचूनही माझ्या नजरेतून ते सुटलं होतं.

मग एका मोठ्या कागदावर तक्ता आखला. आडव्या ओळींत प्रकरणं, उभ्या रकान्यांत पात्रं, आणि प्रत्येक चौकटीत दोन गोष्टी : या क्षणी याला काय माहीत आहे, आणि याला काय माहीत आहे असं समोरच्याला वाटतंय. दुसरी गोष्ट भरताना डोकं शिणायचं, पण दरबारातला सगळा ताण तिथेच होता. जिथे दोन्ही गोष्टी सारख्या निघाल्या ती प्रकरणं वाचायलाही सपक होती. त्यांतली सात मी काढून टाकली. मेजवानी गेली, शिकार गेली, एक आख्खा दूतावास गेला. शिकारीचं वर्णन मला मनापासून आवडायचं, आणि ते आजही वेगळं जपून ठेवलंय.

त्याच तक्त्यावर एक रकाना वाचकाचा होता. तो भरताना मला कळलं की मी अजून जुनीच सवय चालवते आहे. शाईचा नियम वाचकाला पंचविसाव्या प्रकरणात सांगत होते. एका प्रकाशनाकडे हा खर्डा पाठवला होता, तिथून तो परत आला. सोबतच्या चार ओळींत असं म्हटलं होतं की रहस्य चांगलं आहे, पण ते उलगडेपर्यंत पात्रांच्या वागण्याचं कारण कळत नाही, त्यामुळे जीव लागत नाही. नकार दुखला. आठवडाभर मी फाईल उघडली नाही. पण तक्त्यासमोर उभी राहिले तेव्हा त्या चार ओळी खऱ्या आहेत हे दिसत होतं. वाचकाला माहीत नसेल तर इरावती वडिलांसमोर गप्प का बसते ते त्याला कळणार नाही, आणि माहीत असेल तर तीच शांतता त्याच्या घशात अडकेल.

तिसऱ्या खर्ड्यात शाईचा नियम दुसऱ्या प्रकरणात आला, तोही म्हातारा चिटणीस शिकाऊ पोराला दटावतो त्या ओघात. तिसऱ्या प्रकरणात राजाच्या शय्येजवळचा प्रसंग. कुठलंही स्पष्टीकरण नाही. हा खर्डा आठ महिन्यांत झाला. निवेदन दोघांना आलटून पालटून वाटून दिलं. आधी दोघांचा आवाज सारखाच यायचा. मग मी नावं झाकून पानं वाचायला लागले आणि कोण बोलतंय ते ओळखू येईना तिथे तिथे पुन्हा लिहिलं. शार्दूल मोजतो : पायऱ्या, पहारेकरी, दिवस. इरावती माणसांच्या हातांकडे बघते. एवढ्यावर दोघं वेगळे झाले.

भाची आता अठरा वर्षांची आहे. यावेळी ती वाचत असताना मी त्याच खोलीत कपडे आवरत होते. तिसरं प्रकरण आलं. राजा डोळे उघडतो, उशाशी बसलेल्या इरावतीकडे बराच वेळ पाहतो आणि आदराने म्हणतो, "आपण बराच वेळ बसला आहात. आपले वडील वाट पाहत असतील."

पानं उलटायचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं नाही.

"मावशी," ती म्हणाली, "म्हणजे त्यांनी हिचंच नाव लिहिलंय."

मी हो म्हटलं.

"आणि हिला ते आत्ता कळलं?"

"आत्ता, तुझ्याबरोबरच."

तिने काही न बोलता पान उलटलं आणि पाय वर घेऊन भिंतीला टेकून बसली.