मस्टरवर माझं नाव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिस सांभाळतो. दुसऱ्यांची हजेरी लावण्यात वीस वर्षं गेली. कोण कधी आला, कुणाचा अर्धा दिवस, कुणाचे खाडे किती, सगळं तोंडपाठ. स्वतःच्या तब्येतीचं मात्र अंदाजपंचे दाहोदर्से.

दीड वर्षापूर्वी, डिसेंबरात, कारखान्यात तपासणी शिबिर झालं. रांग लावायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून शेवटी मीही उभा राहिलो. वजन ९४ किलो, उंची १६८ सेंटीमीटर, पोटाचा घेर १०४. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ६.२ टक्के. डॉक्टरबाई म्हणाल्या, "५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. ६.५ झाली की तुम्ही घरात." माझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३३ निघाला. आपल्या लोकांत २५ पासूनच लठ्ठपणा धरतात आणि पुरुषाचा घेर ९० च्या आत हवा, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. माझ्या वडिलांच्या पायाची दोन बोटं साखरेनं गेली होती. त्या रात्री झोप लागली नाही.

पण भीती ही गड्ड्यातल्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेतल्या, पाळण्यासारखी. वर गेलं की पोटात गोळा, खाली उतरलं की भज्यांचा वास. जानेवारीत गड्डा यात्रा झाल्यावर एका जिममध्ये वर्षाचे पैसे एकदम भरले. पैसे भरले की माणूस झक मारत जातो, असं कुणीतरी सांगितलं होतं. मी तीन आठवडे गेलो.

त्यातला पहिला आठवडा फार सुखाचा होता. भात बंद, साखर बंद, आणि सात दिवसांत अडीच किलो खाली! मी ऑफिसात पेढे वाटायचाच बाकी होतो. दुसऱ्या आठवड्यात काटा हलेना. तिसऱ्यात अर्धा किलो वर. चिडून मी सगळंच सोडलं. मे महिन्यात, ४३ डिग्रीच्या उन्हात, रोज दोन ग्लास उसाचा रस पिऊन ९५ च्या वर पोचलो.

नंतर शांतपणे हिशेब मांडला. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. अडीच किलो चरबी आठवड्यात जाळायची तर रोजची तूट २,७५० ची हवी. मी तेवढं खातसुद्धा नव्हतो! गेलं होतं ते बहुतेक पाणी. शरीर पिष्टाचा साठा स्नायूंत आणि यकृतात ठेवतं आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भात बंद केला की साठा रिकामा होतो आणि पाणी निघून जातं. हे मला जानेवारीत कुणी सांगितलं असतं तर दुसऱ्या आठवड्यात एवढा अपमान वाटला नसता.

जूनमध्ये एक साधी गोष्ट घडली. आमचे एक जॉबर (मागांवर देखरेख करणारे) मामा आहेत, तेलुगू घरातले, वयानं माझ्याहून मोठे. वर्षाला त्यांचे खाडे दोन-तीन, तेही लग्न-मयतीचे. रजेचा हिशेब करता करता मी सहज विचारलं, "मामा, रोज यायची इच्छा होते तरी कशी?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "इच्छा कशाला लागती ओ सायेब? पाळी सातची आहे."

बस, एवढंच. संध्याकाळी मी मस्टरचं एक कोरं पान घरी नेलं, वर महिना लिहिला, पहिल्या ओळीत माझं नाव आणि पुढं एकतीस रकाने. कामाची वेळ सकाळी साडेपाच, जागा धर्मवीर संभाजी तलाव. आम्ही जुळे सोलापुरात राहतो, त्यामुळे विजापूर रोडवरचा हा तलाव जवळ. जुने लोक त्याला अजून कंबर तलावच म्हणतात. पंचेचाळीस मिनिटं चालायचं आणि आल्यावर हजेरी लावायची. कसं चाललो, घाम आला की नाही, मजा आली का, यासाठी रकानाच नाही.

बाकी नियमही कारखान्यातूनच उचलले. रविवारी साप्ताहिक सुट्टी. महिन्याला चार खाडे माफ. आणि बदली! माणूस आला नाही म्हणून लूम बंद ठेवत नाहीत, बदली कामगार लावतात. तसं पाऊस असेल किंवा रात्री स्टॉक मोजायला थांबावं लागलं असेल, तर घरच्या जिन्यावर वीस मिनिटं चढउतार, रकान्यात 'ब'. पहिल्या महिन्यात असे सात 'ब' पडले. पूर्वीच्या मला तेवढं निमित्त पुरलं असतं. तेव्हा एक दिवस चुकला की आठवडा वाया, आणि आठवडा वाया गेला की 'आता एक तारखेपासून बघू'.

वजन रोज बघणंही बंद केलं. आमच्यात पगार सात तारखेला, म्हणून काट्यावर उभं राहायचं तेही सात तारखेलाच, सकाळी, उपाशीपोटी. टॉवेलवाले रोज पगार मागत नाहीत, मीच का मागावा?

जूनला ९५.२ होतं. जुलैत ९३.६, ऑगस्टमध्ये ९२.४.

खाण्याचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सोलापूरकराची खरी परीक्षा तिथंच आहे. मी भाकऱ्या मोजत होतो. तीनच्या दोन केल्या आणि स्वतःवर खूश होतो. बायको एक दिवस म्हणाली, "अहो, भाकरी मोजताय, चटणी कोण मोजणार?" शेंगा चटणी! आमच्याकडे ती तोंडी लावणं नसतं, जेवणाचा अर्धा भाग असतो. वर कच्च्या तेलाची धार आलीच. स्वयंपाकघरातल्या काट्यावर माझी रोजची चटणी ठेवली: पस्तीस ग्रॅम, एका वेळची. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. तेल धरून त्या वाढपाच्या सव्वादोनशेच्या पुढे गेल्या. सत्तर ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरीही साधारण तेवढ्याचीच. म्हणजे मी एक भाकरी सोडून दुसरी भाकरी चटणीच्या रूपानं खात होतो, आणि सकाळची पंचेचाळीस मिनिटांची चालही जेमतेम तेवढंच जाळत होती. चटणी सोडली नाही. सोलापुरात राहून शेंगा चटणी सोडणारा माणूस मला भेटायचाय. एक सपाट चमचा ठरला, तेल बंद, त्याऐवजी दही. रात्री मटकीची उसळ वाढली, भाकरी एक.

सप्टेंबरात अंगात आलं. एक पोरगा तलावावर धावत मला मागं टाकून गेला, म्हणून मीही धावलो. तीन दिवसांत उजवा गुडघा सुजला. फिजिओथेरपिस्टनं दोन आठवडे चालणं बंद केलं आणि झोपून पाय सरळ उचलण्याचा, खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा व्यायाम दिला. मस्टरवर मी 'वैद्यकीय रजा' लिहिणार होतो, पण व्यायाम तर चालू होता, मग 'ब' लिहिलं. हे खुर्चीवरचं उठणं-बसणं आजतागायत चालू आहे. मांड्यांत ताकद आल्यापासून गुडघा कुरकुरत नाही.

त्यानंतरचे दोन महिने मात्र सर्वांत वाईट. ऑक्टोबरला ९१.९, नोव्हेंबरला ९१.९. खाडे चारच्या आत, चटणी मोजून, तरी पगारवाढ शून्य. दिवाळीची चकली-शंकरपाळी यात हातभार लावून गेली असणार, ते मी नाकारत नाही. शिवाय शरीर हलकं झालं की त्याचा रोजचा खर्चही कमी होतो, जुनंच प्रमाण पुरत नाही. डोक्यात हे पटत होतं, पण सात तारखेला आकडा बघून तोंड कडू व्हायचंच. त्या वेळी शिंप्याची टेप कामी आली. घेर १०४ वरून ९९ झाला होता. पँटचा हूक तर त्याआधीच सांगत होता, मीच ऐकत नव्हतो.

जानेवारीत पुन्हा सिद्धेश्वर महाराजांची यात्रा आली. भोगीच्या दिवशी सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, ६८ लिंगांच्या तैलाभिषेकासाठी शहरभर फिरतात. लहानपणी वडिलांचं बोट धरून मी मिरवणुकीसोबत चाललो होतो. पुढं कित्येक वर्षं मोटरसायकलवर एखाद्या चौकात गाठायचं, नमस्कार करायचा, परत फिरायचं. या वेळी सकाळी मिरवणुकीत शिरलो आणि मागं मागं चालत राहिलो. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं एवढाले उंच नंदीध्वज कमरेवर तोलून चालतात, मग आपण रिकाम्या हातानं कसे थकणार? दुपारी थकलोच, पण बसलो नाही. घरी आल्यावर तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी पोटभर खाल्ली, मोजली नाही. रकान्यात हजर लिहिलं आणि बाजूला, नियम मोडून, 'ओव्हरटाइम'.

या ७ जूनला काटा ८४.८ वर थांबला. घेर ९५, म्हणजे अजून पाच सेंटीमीटर बाकी. साखर ५.८, उंबरठ्यावरच, पण बाहेरच्या बाजूला. डॉक्टरबाईंनी कागद दोनदा बघितला आणि सहा महिन्यांनी या म्हणाल्या.

कारखान्यात लोक विचारतात, "काय ओ सायेब, लई वाळलाव की! काय चालू केलाव?" काहींना वाटतं पावडर घेतो. मी ड्रॉवरमधून पानं काढून दाखवतो. बहुतेकांचा रस तिथंच संपतो. जॉबर मामांनी मात्र चष्मा लावून जूनचं पान वरपासून खालपर्यंत वाचलं, खाडे मोजले, आणि माझं पेन घेऊन दुसऱ्या ओळीत स्वतःचं नाव तेलुगूत लिहिलं. त्यांना गेल्या वर्षीच साखर निघालीय, हे मला तेव्हा कळलं.

पहिल्याच दिवशी त्यांचा खाडा पडला. दुसऱ्या दिवशी सव्वापाचला तलावाच्या कडेला उभे होते, माझ्या आधी.