थंडीतला बार्बेल आणि कोरडा मसाला

पवई तलावावर रोहू-कटल्यामागे वीस वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्या मुलुंडकराला आमिष म्हटले की शेंगदाण्याची पेंड, भाजलेले बेसन आणि पाव एवढेच आठवते. मासा काय खातो हे एकदा समजले की पुढचा प्रश्न फक्त धीराचा, अशी माझी पक्की समजूत होती. जानेवारीत नॉटिंगहॅमला पुतण्याकडे राहायला गेलो आणि ट्रेंट नदीच्या काठी बार्बेल नावाच्या माशामागे लागलो तेव्हा ती मोडली.

तयारी मुलुंडलाच सुरू झाली. इंग्लंडमध्ये १३ वर्षे किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाला गोड्या पाण्यात गळ टाकण्यासाठी सरकारी परवाना लागतो. तो घरबसल्या मिळाला. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून मासेमारी बंद असते, त्यामुळे जानेवारी नियमात बसत होता. काठ ज्याच्या ताब्यात असेल त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते, ती पुतण्याने काढून ठेवली. पेंड मात्र बायकोने बॅगेतून बाहेर काढली. विमानतळावर त्या गोळ्यांचा खुलासा कोण करणार, हा तिचा प्रश्न बिनतोड होता.

बार्बेल रोहूच्याच कुळातला, पण खाली वळलेले तोंड आणि ओठांजवळ चार मिशा असलेला, तळाशी चरणारा मासा आहे. ट्रेंटसारख्या मोठ्या नदीच्या ओढीत आमिष तळाला टिकावे म्हणून शंभर-सव्वाशे ग्रॅमचे शिसे लावावे लागते, पण तो भाग सवयीचा. खरी कसोटी आमिष निवडण्याची, कारण थंड रक्ताच्या या माशाची भूक पाण्याच्या तापमानावर चालते आणि पाणी चार-पाच अंशांवर उतरले की तो एका जागी पडून राहतो.

पहिल्या दिवशी दोरीला बांधलेला तापमापक ४.५ अंश दाखवत होता. पाणी नितळ होते. मी दुकानातून आणलेली हॅलिबट माशाची तेलकट गोळी लावली आणि पाच तास बसलो. काठीचा शेंडा हलला नाही. शेवटी गोळी वर घेऊन बोटांत दाबली, तेव्हा तेल तिच्यातच दाटून बसल्यासारखे वाटले. थंडीत थिजलेल्या खोबरेलाला वास येत नाही, तसाच काहीसा प्रकार. दुसऱ्या दिवशी बारीक गळाला दोन-तीन पांढऱ्या अळ्या लावल्या. वीतभर लांबीचे रोच नावाचे मासे मिळाले, बार्बेल नाही. तरी नितळ, गार पाण्यात लहान आमिषच चालते एवढे पटले.

नंतर नैर्ऋत्येकडून दोन रात्री उबदार वारा आणि पाऊस आला. नदी चढली, चहासारखी झाली, आणि तापमापक ८ वर गेला. गढूळ पाण्यात मासा डोळ्यांपेक्षा वासावर आणि मिशांवर विसंबतो, म्हणून डब्यातल्या डुकराच्या मांसाचे बोटाच्या पेराएवढे चौकोनी तुकडे केले. सूनबाईने मालवणी मसाल्याची बरणी पुढे केली.

"काका, तेलात परतून देते ना."

"नको गं, तेल अजिबात नको. कोरडाच चोळ."

नदीच्या मधोमध ओंडके आणि पाचोळा वाहत होता, तेव्हा तिथे गळ टाकण्यात अर्थ नव्हता. पूर आला की मासा काठाकडे सरकतो. वेगाचे आणि संथ पाणी जिथे भिडते तिथे फेसाची एक रेघ दिसते, त्या रेघेच्या अलीकडे, काठापासून जेमतेम सहा मीटरवर आमिष ठेवले. चाळीस मिनिटांनी शेंडा एकदम पाण्याकडे वाकला आणि रीळ किंचाळले. मासा साडेतीन किलोंच्या आसपास असावा. गळ काढल्यावर त्याला जाळीतच, तोंड प्रवाहाकडे करून धरून ठेवले, कारण दमलेला बार्बेल तसाच सोडला तर उलटा होऊन मरू शकतो. पाचेक मिनिटांनी त्याने शेपटीचा असा हिसका दिला की माझी बाही कोपरापर्यंत भिजली. बोटे मसाल्याने पिवळी झाली होती ती झालीच.

परतल्यावर पहिल्याच रविवारी पवईला तोच तापमापक पाण्यात सोडला. २३ अंश. शेजारी गळ टाकून बसलेल्या नेहमीच्या आजोबांनी बराच वेळ निरखून पाहिले आणि विचारले, "काय हो, तलावाला ताप आलाय का?"