आत्याची गॅलरी

परवा दुपारी भडंगाचा डबा मांडीवर घेऊन मोबाईल चाळत पडलो होतो, तर कोइची इतागाकी नावाच्या जपानी गृहस्थांची माहिती समोर आली. राहणार यामागाता. धंदा दाण्या-कडधान्यांचा खाऊ बनवून विकायचा. आणि तो सांभाळून या माणसानं आजवर १७०च्या वर सुपरनोव्हा, म्हणजे फुटून एकाएकी झगझगणारे तारे, शोधलेत. माझा घास तोंडातच राहिला. खाऊवाले सांगलीत काय कमी आहेत? पण दुकानाचं शटर ओढून रात्री दुर्बिणीला डोळा लावणारा एकही मला ठाऊक नाही.

१९ मे २०२३ला त्यांना सापडलेला तारा तर अगदी ओळखीच्या जागी होता. सप्तर्षींच्या शेपटाकडचे वसिष्ठ आणि मरीची घ्या. त्यांच्या जवळच एम १०१ नावाची दीर्घिका आहे, तिथं तो फुटला. अंतर दोन कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास. म्हणजे त्याचा उजेड इथवर यायलाच तेवढी वर्षं लागली; तो फुटला तेव्हा सांगलीच काय, माणूसही नव्हता. बरं, सापडला कसा? आधीच्या फोटोत त्या जागी ठिपका नव्हता, आता आहे. बस्स.

हे वाचलं आणि आत्या आठवली.

आत्या गावभागातल्या आमच्या वाड्याच्या गॅलरीत ताट घेऊन काहीतरी निवडत बसलेली असायची. समोरच्या बोळात कुणाच्या दारात रोजच्या चपला कुठल्या, हे तिला पाठ. एखादा अनोळखी जोड दिसला की ताटातली नजर न काढता म्हणायची, "कोपऱ्यावर पाहुणे आलेत. कोल्हापुरी नव्या आहेत, अजून करकरतात. मुलगी बघायला आले असणार." समोरच्या माडीवरचा दिवा एरवी दहाला मालवायचा. एका रात्री साडेअकरा झाले तरी जळत होता, तर ही म्हणाली, "म्हाताऱ्याचं दुखणं उठलं बघ." सकाळी दारात डॉक्टरांची स्कूटर. भोचक होती का? होतीच. पण नवं काय ते कळायला जुनं आधी तोंडपाठ लागतं, आणि तेवढा अभ्यास बोळात दुसऱ्या कुणाचाच नव्हता.

उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणं पडली की तीच आम्हाला अरुंधती दाखवायची. "वसिष्ठाला खेटून आहे बघ, बारीक." ज्याला दिसायची नाही त्याची रवानगी चष्म्याच्या दुकानात. मग ध्रुवबाळाची गोष्ट, सावत्र आईसकट. पुढं केव्हातरी मी वाचलं की ध्रुव जागेला अढळ दिसत असला तरी तेजाला नाही. रूपविकारी तारा आहे तो; साधारण चार दिवसांच्या फेऱ्यात किंचित उजळतो, किंचित मंदावतो. आत्याला सांगितलं असतं तर म्हणाली असती, "मग? बाळच ते."

मी स्वतः अशी पाळत एकदाच ठेवली. २०१९ संपता संपता मृगातला तो तांबूस तारा, आपल्या आर्द्रा नक्षत्राचा, मंदावायला लागला. आता फुटतो की मग, अशी चर्चा. जेवण झालं की मी गच्चीवर जायचो आणि त्याला शेजारच्या रोहिणीशी ताडून बघायचो. एरवी रोहिणीपेक्षा ठसठशीत असणारा हा गडी फेब्रुवारीत तिच्याहून फिका पडला होता. पुढं कळलं, त्यानं स्वतःच धूळ बाहेर टाकली होती आणि ती आडवी आली होती. तारा सावरला, उजळला. मला जरा वाईटच वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता हे काम यंत्रं करतात, आणि त्यातल्या एका मोठ्या यंत्रामागचा माणूस आपल्या कुरुंदवाडचा आहे. श्रीनिवास कुलकर्णी, जन्म १९५६. कॅलिफोर्नियात पालोमारच्या डोंगरावर ४८ इंची दुर्बीण उत्तरेकडचं सगळं आकाश दोन-तीन रात्रींत पालथं घालते. नव्या फोटोतून जुना वजा करायचा, उरेल ते नवं. या कामासकट फुटणाऱ्या-बदलणाऱ्या ताऱ्यांवरच्या शोधांसाठी त्यांना २०२४ साली खगोलशास्त्राचा शॉ पुरस्कार मिळाला. आणि आम्ही? शेजारच्या नृसिंहवाडीला दर्शन, मग बासुंदी, मग परत.

चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेनं तर जून २०२५मध्ये जाहीर केलं की साधारण दहा तासांच्या निरीक्षणात २,१०४ नवे लघुग्रह हाती लागले. कौतुक आहेच. पण एकदम एवढे सापडले की कुणालाच सापडले नाहीत असं वाटतं. दुकान सांभाळून शोधलेला एक ठिपका मला जास्त मोलाचा वाटतो; ही माझी खोड समजा.

अपोफिस नावाचा लघुग्रह मात्र सांगून येणार आहे. आपल्या घड्याळात १४ एप्रिल २०२९, पहाटेचे सव्वातीन. पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून, म्हणजे टीव्हीच्या उपग्रहांच्याही अलीकडून जाईल. आदळणार नाही, हे हिशेबानं पक्कं झालंय. रात्र आंबेडकर जयंतीची. बाराला फटाके, त्यानंतर डीजे. सव्वातीनला निम्मं गाव जागंच असेल, पण दगड गेला हे सकाळी पेपरवाल्यानंच सांगायचं.