मामींचा ग्राइंडर आणि १ किलो कोको

वीस वर्षं मी लोकांना सांगत आले, ‘चॉकलेटं मी घरीच करते.’ क्रॉफर्ड मार्केटमधून स्लॅब आणायचा, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर दुसरं पातेलं ठेवून वितळवायचा, साच्यात ओतून मधे एखादा बदाम खुपसायचा, की झालं. दिवाळीत निम्म्या नातेवाइकांकडे माझे डबे जायचे. तो स्लॅब कंपाउंडचा. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते आणि म्हणूनच तो इतक्या मुकाट्याने गोठतो, हे मला माहीत होतं. सांगत नव्हते, एवढंच.

मे महिन्यात ऑफिसमधली मैत्रीण केरळातल्या इडुक्कीहून सुट्टी संपवून आली आणि माझ्या टेबलावर पिशवी ठेवली. घरच्या बागेतल्या सुकवलेल्या कोकोच्या बिया, १ किलो. ‘तू करतेस ना चॉकलेट? कर.’ आता नाही कसं म्हणणार?

पिशवी उघडली तर आंबूस, व्हिनेगरसारखा भपकारा. मला वाटलं, प्रवासात खराब झाल्या. ती हसायला लागली. कोकोची फळं आपल्या फणसासारखी थेट खोडाला लागतात. एका फळात तीस-चाळीस बिया, भोवती सीताफळासारखा पांढरा गर. गरासकट बियांचा ढीग करून तो केळीच्या पानांनी झाकून पाच-सहा दिवस आंबवतात. आत पन्नास अंशांच्या आसपास ऊब तयार होते, बी मरतं आणि मग उन्हात वाळवतात. हे आंबवणं चुकलं तर पुढे कितीही भाजा, चॉकलेटचा वास येत नाही. म्हणजे निम्मं काम तिच्या वडिलांनी आधीच केलं होतं.

रविवारी ओव्हनमध्ये १३० अंशांवर २५ मिनिटं भाजल्या. आधी घरभर व्हिनेगर, मग हळूहळू केकचा वास. आई आलेली होती. ती म्हणाली, ‘हे तर शेंगदाणेच झाले की. सूप कुठाय तुझं?’ माझ्याकडे सूप नव्हतं. दादरला जाऊन आणलं. बिया लाटण्याने जरा भरडल्या आणि आईने बाल्कनीत बसून पाखडायला घेतल्या. मनगटाचा तो झटका मला जन्मात जमणार नाही. टरफलं खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर गेली, त्यावर जे ऐकून घ्यायचं ते मी ऐकून घेतलं. किलोतून ७७० ग्रॅम हाती राहिलं.

आईने एक तुकडा तोंडात टाकला आणि थुंकला. ‘कडूजहर! लोक खातात हे?’

म्हटलं, खात नव्हतेच. चॉकलेटचा बहुतेक इतिहास हा पिण्याचा आहे. इक्वेडोरमध्ये सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या भांड्यांत कोकोच्या खुणा सापडल्या आहेत. मेक्सिकोतले अ‍ॅझटेक लोक बिया दळून, मिरची वगैरे घालून फेसाळ पेय करायचे आणि त्याच बिया बाजारात नाणी म्हणून चालायच्या.

‘म्हणजे पैसे दळून प्यायचे?’ आई म्हणाली. याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

दळणं हा खरा घाट. मिक्सर तापून बंद पडला आणि भांड्यात वाळूसारखा चिखल. सोललेल्या कोकोच्या बियांत निम्म्याहून जास्त चरबी असते आणि सगळी गोम तिथेच आहे. १८२८मध्ये नेदरलँड्समध्ये व्हॅन हाउटन यांनी ती चरबी दाबून वेगळी काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. उरलेल्या पेंडीची झाली कोको पावडर. मग वेगळी काढलेली चरबी दळलेल्या कोकोत आणि साखरेत जादा घातली की साच्यात ओतता येतं, हे लक्षात आलं आणि १८४७मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने खायची वडी बाजारात आणली. इतकी हजारो वर्षं जुनी चीज, पण खायची वडी आपल्या पहिल्या रेल्वेच्या जेमतेम सहा वर्षं आधीची!

मला माझं यंत्र शेजारी सापडलं. आम्ही माटुंग्यात राहतो, शेजारच्या मामी तमिळ. त्यांच्या ओट्यावर इडलीच्या पिठाचा दगडी ग्राइंडर. अमेरिकेतले छोटे चॉकलेटवाले कोइमतूरचे असेच ग्राइंडर मागवून थोडाफार बदल करून वापरतात, हे सांगून मी तो मागितला. मामी म्हणाल्या, ‘अमेरिकेला देते की तुला? इडलीला वास आला तर नवीन घेऊन द्यायचा हं.’

दगड आधी हेअर ड्रायरने गरम केले, नाहीतर चरबी गोठून दगड अडकतात. मूठ मूठ कोको टाकत गेले. पहिली वीस मिनिटं नुसता खडखडाट, मग ओलसर गोळा आणि तासाभराने काळी, चकचकीत, वाहती धार. पाण्याचा थेंब न घालता!

इथे मी शहाणपणा केला. २५० ग्रॅमचा पहिला घाणा, त्यात साखरेऐवजी कोल्हापुरी गूळ किसून घातला. दोन मिनिटांत धार थिजली आणि भांड्यात शेणाचा गोळा फिरायला लागला. गुळात ओल असते. चॉकलेट चरबीवर चालतं, दोन-चार थेंब पाणी मिळालं की आतली साखर चिकटून सगळं आवळून येतं. दुधाच्या चॉकलेटचं घोडं याच पाण्यापाशी अडलं होतं. स्वित्झर्लंडमध्ये व्हेवे गावच्या डॅनियल पीटरने वर्षानुवर्षं खटपट केली आणि १८७५मध्ये त्याला जमलं, ते हेन्री नेस्ले या शेजाऱ्याच्या आटवलेल्या दुधामुळे, असं सांगतात. त्यालाही शेजाऱ्यानेच तारलं म्हणायचं.

दुसऱ्या घाण्याला ५०० ग्रॅम कोको आणि २०० ग्रॅम घरी दळलेली पिठीसाखर. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये बहुधा स्टार्च असतो, म्हणून ती टाळली. आता किती वेळ फिरवायचं? रुडॉल्फ लिंट या स्विस माणसाचं यंत्र १८७९मध्ये चुकून शनिवार-रविवारभर चालू राहिलं आणि सोमवारी मऊशार चॉकलेट निघालं, अशी दंतकथा आहे. मी वीस तास चालवलं. रात्री अकराला वॉचमन वर आला, मोटार बंद करून सकाळी सहाला पुन्हा लावली. दर तीन तासांनी बोटाने चाखायचं. आधी रवा, मग पीठ, मग जिभेला काहीच नाही.

आणि मग टेंपरिंग, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांतून नेऊन नीट गोठवणं. कोको बटर सहा प्रकारे गोठतं. त्यातला पाचवा प्रकारच चकाकतो आणि कट्कन तुटतो. तो साधारण ३४ अंशांना वितळतो, म्हणून चॉकलेट हातात टिकतं आणि तोंडात विरघळतं. अर्थात मुंबईत मे-जूनमध्ये माझं स्वयंपाकघरच ३४ अंशांना असतं. ४८पर्यंत तापवायचं, ढवळत २८वर आणायचं, परत ३१वर न्यायचं. ओट्याच्या ग्रॅनाइटवर पसरून उलथण्याने गोळा केलं, ते २८वर यायलाच तयार नाही. कंटाळून ओतलं. दुसऱ्या दिवशी वड्यांवर पांढरे डाग.

‘बुरशी आली तुझ्या कॅडबरीला,’ आई म्हणाली. आमच्याकडे सगळंच कॅडबरी.

बुरशी नव्हे, चरबी चुकीच्या प्रकारात गोठून वर आलेली. बरं हे की वितळवून पुन्हा करता येतं. दुसऱ्यांदाही डाग. तोवर पाऊस सुरू झालेला. तिसऱ्यांदा सगळा संसार बेडरूममध्ये हलवला. एसी २२वर, इस्त्रीच्या टेबलावर पातेलं, दार बंद, आत येणाऱ्याला ओरडा. ३४ला आल्यावर विकतच्या अस्सल डार्क चॉकलेटचे तुकडे विरजणासारखे टाकले, त्यात चरबी फक्त कोको बटरचीच आहे हे वेष्टनावर आधी वाचून. जमलं का बघायला सुरीचं टोक बुडवून ठेवलं. चार मिनिटांत त्यावर कोरडी, चकचकीत साय.

एकूण तेरा वड्या झाल्या. दोन इडुक्कीला गेल्या, एक वॉचमनला, एक खालच्या चादरवाल्या काकूंना.

ग्राइंडर मी तीनदा गरम पाण्याने धुतला, तांदूळ दळून फेकले आणि परत केला. शुक्रवारी मामींनी बेल वाजवली, हातात डबा. ‘बघ,’ म्हणाल्या. इडल्या चहात बुडवल्यासारख्या फिक्या तपकिरी. मी तोंड लपवायला जागा शोधत होते. ‘नातू पाच खाऊन गेला,’ त्या म्हणाल्या. ‘पण सांबाराबरोबर नाही जात गं.’